दाखवायचे दात आणि खायचे दात

केंद्र सरकारने १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू केला, तेव्हा वैद्यकीय सेवेला त्यातून सूट दिली आणि ही सूट कोठे थांबते हे सांगताना एक रेघ ओढली. निव्वळ सौंदर्यासाठी केलेली शस्त्रक्रिया सुटीबाहेर राहील; परंतु जन्मजात व्यंग, वाढीतील दोष, अपघात वा इजा यांमुळे बिघडलेली शरीराची रचना किंवा कार्य पूर्ववत करण्यासाठी तीच शस्त्रक्रिया केली असेल, तर तिच्यावर कर लागणार नाही, अशी ती रेघ आहे. म्हणजे शोभेचा उपचार कोणता आणि दुरुस्तीचा उपचार कोणता, हा भेद सरकारला नीट कळतो. कर वसूल करण्याच्या वेळी तर फारच नीट कळतो. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात गाल धरून बसलेल्या मजुरापर्यंत पोहोचता पोहोचता हा भेद कोठे नाहीसा होतो, एवढेच विचारावयाचे राहते.

या मजुराला उपचारांची निवड करावयाची नसते. दाढ उपटून घ्यावी की ठणका सोसावा, एवढाच निर्णय त्याच्या हाती असतो. रोज बुडवून, एस.टी.चे भाडे खर्चून आलेला माणूस दाढ उपटून घेतो, यात नवल काही नाही. वेळेवर सिमेंट भरले असते तर जी दाढ आणखी कित्येक वर्षे चालली असती, ती कचऱ्याच्या बादलीत जाते. पुढे काय होते तेही ठरलेले आहे. रिकाम्या जागेकडे शेजारची दाढ कलते, समोरच्या जबड्यातली दाढ आधार गेल्यामुळे खाली उतरू लागते, त्या फटीत अन्न अडकते आणि तेथे नवी कीड सुरू होते. माणूस एका बाजूने चावू लागतो. पन्नाशीला पोहोचेपर्यंत ज्वारीची भाकरी आमटीत कुस्करल्यावाचून त्याच्या घशाखाली उतरत नाही. भुईमूग, हरभरा, कच्चा कांदा, मांस हे सारे हळूहळू ताटातून जाते आणि मऊ भात व चहात बुडविलेले बिस्कीट राहते. कुपोषणाची चर्चा करणारे तज्ज्ञ ताटात काय वाढले आहे हे मोजतात; वाढलेले चावता येते की नाही, हे फारसे कोणी मोजत नाही.

याच महाराष्ट्रात पुणे, ठाणे, नाशिक, कोल्हापूर अशा शहरांच्या हमरस्त्यांवर ‘स्माइल मेकओव्हर’च्या पाट्या लागलेल्या आहेत. हसऱ्या मुलीचे चित्र, बारा दातांची एकसारखी पांढरी रांग आणि खाली बिनव्याजी हप्त्यांची सोय. दुखणाऱ्या दाताचा तेथे उल्लेखही नसतो, कारण दुखणारा दात हा त्या दुकानाचा विषयच नाही. दंतवैद्यांच्या आचारसंहितेचे २०१४ साली विनियम झाले आणि त्यांत जाहिरातबाजीवर बंधने घातलेली आहेत, हे या पाट्या पाहून कोणाला खरे वाटणार नाही. एका दातावर पोर्सिलेनचा पापुद्रा बसविण्यास कित्येक हजार रुपये पडतात, आणि असे सहा, आठ, दहा पापुद्रे एकदम घेण्याचा आग्रह धरला जातो.

या पापुद्र्याचा जन्म कोठे झाला हे पाहण्याजोगे आहे. १९३० च्या दशकात चार्ल्स पिंकस नावाच्या दंतवैद्याने हॉलिवूडच्या नटनट्यांसाठी दातांवर तात्पुरते चिकटवावयाचे पातळ मुखवटे तयार केले. चित्रीकरण संपले की ते काढून ठेवीत. कॅमेऱ्यापुरता दात असा तो प्रकार होता आणि त्यात अप्रामाणिक काही नव्हते. १९५५ साली बुओनोकोर या संशोधकाने सौम्य आम्लाने दाताचा पृष्ठभाग खरखरीत करून त्यावर रेझिन चिकटविण्याची युक्ती शोधली, आणि पुढे तिच्या आधारे हे मुखवटे कायमचे बसविता येऊ लागले. आता बहुतेक वेळा ते बसविण्यासाठी दाताचे वरचे कठीण कवच, म्हणजे दंतवल्क, अर्धा मिलिमीटरच्या आसपास खरवडून काढावे लागते. दंतवल्क पुन्हा उगवत नाही. हाड मोडले तर सांधते, कातडी फाटली तर भरून येते. दंतवल्काला ती देणगी नाही. पापुद्रा दहा-पंधरा वर्षांनी बदलावा लागतो, तो बदलताना आणखी थोडे दंतवल्क जाते, आणि पंचविसाव्या वर्षी ही वाट धरणारी व्यक्ती आयुष्यभराची गिऱ्हाईक होऊन बसते. व्यापाराच्या दृष्टीने याहून चांगला माल कोणता?

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. शोभा आणि दुरुस्ती ही दोन भिन्न दुकाने आहेत अशी समजूत बाजाराने करून दिली आहे, पण दाताच्या दृष्टीने त्यांचा क्रम असतो, आणि तो क्रम कोणत्याही प्रामाणिक दंतवैद्यास ठाऊक आहे. आधी रोग थांबवावयाचा: कीड काढावयाची, हिरडीवरचे कीटण खरवडावयाचे, नस सडली असेल तर रूट कॅनाल करावयाचे. मग दाताचे काम परत आणावयाचे. दिसण्याचा विचार त्यानंतर, आणि पुष्कळदा त्यासाठी वेगळे काही करावे लागतच नाही. पडून तुकडा उडालेला पुढचा दात दाताच्या रंगाच्या रेझिनने एका बैठकीत उभा करता येतो. ती दुरुस्ती आहे आणि शोभाही आहे, आणि चांगला दात खरवडण्याचे कारणही उरत नाही. तंबाखूचे व चहाचे वरवरचे डाग साफसफाई आणि घासणी एवढ्यानेच बहुतांशी जातात. दात पांढरे करणाऱ्या रसायनाने भरलेले सिमेंट किंवा बसविलेली कॅप पांढरी होत नाही, ही साधी गोष्ट गिऱ्हाइकाला पैसे भरल्यावर कळते. मागच्या दाढेवर रूट कॅनालनंतर बहुधा कॅप हवी, नाही तर दाढ फुटते. पण ती कॅप दातासारखी दिसलीच पाहिजे असे नाही. धातूची कॅप कमी दात कापून बसते आणि दळण्याचे काम उत्तम करते. तोंडात मागे कोण डोकावून पाहणार आहे? आणि किडलेल्या दातावर, कीड न काढता, पापुद्रा चढविणे म्हणजे वाळवी लागलेल्या दारावर नवा रंग लावणे होय. साफसफाईने दात खिळखिळे होतात ही भीती निराधार आहे, हेही कार्यकर्त्यांनी वस्त्यांतून सांगितले पाहिजे. कारण या भीतीपायी माणसे हिरडीचा रोग वाढू देतात आणि दात हलू लागल्यावर रुग्णालयात येतात.

बाजाराचे वकील यावर ठरीव उत्तर देतात. ज्याच्याजवळ पैसा आहे त्याने तो दातांवर घालविला तर कोणाचे काय जाते? निवडीचे स्वातंत्र्य आहे! वस्तुतः पुष्कळ काही जाते. दंतवैद्याचे कामाचे तास मोजके असतात आणि ते कोठे खर्च होतात हे गिऱ्हाइकाच्या खिशावरून ठरते. देशात तीनशेहून अधिक दंत महाविद्यालये आहेत आणि त्यांतील बहुसंख्य खाजगी आहेत. पदवी अभ्यासक्रमाला दरवर्षी पंचवीस हजारांहून अधिक जागा असतात. तरीही खेड्यात दंतवैद्य मिळत नाही आणि शहरात एका गल्लीत चार-चार दवाखाने उघडतात. ज्या मुलाने वा मुलीने शिक्षणासाठी बापाची जमीन गहाण टाकली, त्यांनी दवाखान्याचे भाडे, यंत्राचे हप्ते आणि कर्जाचे व्याज कशातून फेडावयाचे? शंभर रुपयांत दाढ भरून ते फिटत नाही. पापुद्रे विकून फिटते. तेव्हा तरुण दंतवैद्यावर दात-ओठ खाण्यात अर्थ नाही. तो या व्यवस्थेचा मुनीम आहे, मालक नाही, आणि पुष्कळ ठिकाणी तर तो दुसऱ्याच्या साखळी-दवाखान्यात तुटपुंज्या पगारावर राबणारा नोकर आहे.

महाराष्ट्रात या कहाणीची सुरुवात १९८३ साली झाली, जेव्हा वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांना दार उघडून दिले. देणगीची इतकी लूट माजली की १९८७ साली देणगी घेण्यास बंदी करणारा कायदा करावा लागला. तो किती पाळला गेला हे पालकांना विचारावे. या महाविद्यालयांच्या बाह्यरुग्ण विभागांत विद्यार्थ्यांना शिकण्यासाठी रुग्ण लागतात, म्हणून गरिबांना स्वस्तात उपचार मिळतात, ही गोष्ट नाकारण्याचे कारण नाही. पण तो उपकार शिकण्याच्या गरजेपोटी होतो आणि महाविद्यालय असेल तेथेच होतो. जाता जाता एवढे नमूद केले पाहिजे की राज्यात ऊस, साखर कारखाना, शिक्षणसंस्था आणि दंत महाविद्यालय ही मालिका पुष्कळ ठिकाणी एकाच घराण्याच्या अंगणात उभी आहे. दात किडण्याचे प्रमुख कारण साखर आहे, हे ज्या वर्गात शिकवावयाचे, त्या वर्गाच्या भिंती साखरेच्या पैशाने बांधलेल्या आहेत. आणि ज्यांच्या कोयत्यावर ही साखर निघते त्या ऊसतोड मजुरांच्या मुलांचे दात फडावर कोण तपासतो?

आता चळवळीकडे वळले पाहिजे, कारण दोष एकट्या बाजाराचा नाही. दातांचा प्रश्न काढला की पुष्कळ जुने कार्यकर्ते हसतात. भूक, बेकारी, जमीन, जातीय दंगली हे सोडून दातांवर ठराव करावयाचा काय, असे विचारतात. हा आक्षेप नवा नाही. १९७२ साली मुंबईत मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्या नेतृत्वाखाली बायका लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या, तेव्हाही तेल, साखर आणि रॉकेल हे स्वयंपाकघरातले किरकोळ विषय असल्याचे सांगणारे शहाणे होतेच. दुखणे घराच्या आत सोसले जाते म्हणून ते राजकारणाबाहेरचे ठरत नाही. बाईच्या दातदुखीला तर घरात कोणी दुखणे म्हणतच नाही. ती मिश्री लावते, ठणका थोडा बधिर होतो, मिश्रीने हिरडी खाली सरकते, दाताचे मूळ उघडे पडते आणि पुन्हा मिश्री. २०१२ पासून राज्यात गुटख्यावर बंदी आहे आणि टपरीटपरीवर गुटखा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगात सुमारे साडेतीन अब्ज माणसे तोंडाच्या कोणत्या ना कोणत्या रोगाने ग्रस्त आहेत आणि त्यांतील दर चारांपैकी तीन मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात. एवढ्या माणसांचे दुखणे किरकोळ असेल, तर मोठे दुखणे कोणते?

आणि दातांच्या प्रश्नावर एक समाजवादी सरकार फुटलेले आहे, याचेही स्मरण असावे. ब्रिटनमध्ये ५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. तिचे शिल्पकार ॲन्युरिन बेव्हन हे वेल्सच्या कोळसा खाणीत काम केलेले गृहस्थ. त्यापूर्वी तेथल्या कष्टकरी वस्त्यांत दातांची अवस्था अशी होती की काही औद्योगिक भागांत लग्नाआधी मुलीचे सगळे दात काढून कवळी बसवून देत, म्हणजे नवऱ्याला पुढे खर्च नको! सेवा सुरू होताच कवळ्यांसाठी आणि चष्म्यांसाठी अशी रीघ लागली की सरकारी अंदाज कोलमडले. पिढ्यान्‌पिढ्यांची थकबाकी होती ती. १९५१ साली कोरियाच्या युद्धामुळे शस्त्रसज्जतेचा खर्च वाढला आणि ॲटली मंत्रिमंडळातील अर्थमंत्री ह्यू गेट्सकेल यांनी कवळ्या व चष्मे यांच्या खर्चाचा वाटा रुग्णावर टाकला. बेव्हन तोवर श्रममंत्री झाले होते. त्यांनी एप्रिलमध्ये राजीनामा दिला. हॅरोल्ड विल्सन आणि जॉन फ्रीमन यांनी त्यांच्यामागोमाग दिला. रक्कम लहान होती, पण तत्त्वाला एकदा भोक पडले की ते मोठे होते असे बेव्हन यांचे म्हणणे होते. पुढल्याच वर्षी हुजूर पक्षाच्या सरकारने औषधाच्या चिठ्ठीवर आणि दंतोपचारावरही शुल्क बसविले. आज इंग्लंडमध्ये बहुतेक प्रौढांना दंतोपचाराचे पैसे मोजावे लागतात आणि कित्येक भागांत आरोग्य सेवेचा दंतवैद्य मिळणे दुरापास्त झाले आहे. तोफा आणि कवळ्या यांच्या त्या झगड्यात तोफा जिंकल्या, पण तो झगडा झाला तरी. दिल्लीच्या अंदाजपत्रकावर दातांसाठी भांडताना कोणी दिसत नाही.

चळवळीतील दुसरी चूक याच्या उलट टोकाची आहे. शोभेचा उपचार म्हणजे भांडवलशाहीचे चोचले, असे म्हणून काही मंडळी मोकळी होतात. ही साधेपणाची ऐट आहे आणि ती परवडते कोणाला, तर ज्यांचे पुढचे दात शाबूत आहेत त्यांना. पहाडावरून पडून पुढचे दोन दात गेलेला तरुण गवंडी तोंडावर हात ठेवून बोलतो. दुकानात विक्रेती म्हणून काम मागणाऱ्या मुलीला मालक दातांकडे पाहून परत पाठवितो. हसणे, बोलणे, माणसात वावरणे ही दाताची कामेच आहेत. केवळ दळणे हेच काम मानावयाचे तर माणूस आणि बैल यांत फरक काय राहिला?

यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतील गावे पाहावीत. १९७२ च्या दुष्काळापासून राज्यात कूपनलिकांचा सपाटा सुरू झाला आणि ज्या भूगर्भात फ्लोराइड जास्त, तेथले खोल पाणी पिण्याच्या हंड्यात आले. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड लिटरमागे एक मिलिग्रॅमपर्यंत असावे आणि दुसरा स्रोतच नसेल तर दीडपर्यंत चालावे. त्याहून जास्त फ्लोराइडचे पाणी लहानपणी, दात हिरडीखाली घडत असताना, पोटात गेले की पुढे येणारे दात चट्ट्यापट्ट्यांचे, पिवळे, तपकिरी येतात. दुखत नाहीत. भाकरी चावतात. कीड असेलच असेही नाही. पण परगावी कॉलेजात गेलेल्या मुलाला ‘दात घासत नाहीस काय’ म्हणून हिणविले जाते आणि सोयरीक ठरविताना गावाचे नाव ऐकूनच लोक दात पाहू मागतात. नंतर शुद्ध पाणी आले तरी आलेले दात पालटत नाहीत. यावरचे इलाज, म्हणजे वरचा डागाळलेला थर हलक्या हाताने घासून काढणे, रेझिनचा लेप देणे, फार खराब दातांवर पापुद्रा किंवा कॅप बसविणे, हे सगळे बाजाराच्या यादीत ‘कॉस्मेटिक’ या सदरात मोडतात आणि म्हणून सरकारी रुग्णालयात त्यांना जागा नाही.

हा दोष वाढीतला आहे. ज्या करअधिसूचनेने वाढीतील दोषाची दुरुस्ती ही शोभा नव्हे असे मानले, त्याच तत्त्वाने या मुलांचे दात दुरुस्तीच्या खात्यात आले पाहिजेत. शिवाय ते पाणी त्यांनी हौसेने निवडलेले नव्हते. सरकारने खोदलेल्या हापशाचे होते. फ्लोरोसिसविरुद्धचा राष्ट्रीय कार्यक्रम २००८-०९ पासून चालू आहे; पाणी तपासणे, रुग्ण शोधणे, वैद्यकीय व्यवस्थापन हे त्यात लिहिलेले आहे. डागाळलेल्या दातांनी वाढलेल्या पिढीला तिचे हसू परत देणे हा त्या देण्याचाच भाग आहे, असे ठणकावून सांगण्याचे काम विदर्भ-मराठवाड्यातील कार्यकर्त्यांचे आहे. ज्या पापुद्र्याचा हव्यास शहरात धिक्कारावा, तोच पापुद्रा येथे हक्क म्हणून मागावा लागेल, आणि यात विसंगती काही नाही. निरोगी दंतवल्क फॅशनसाठी कापणे वेगळे आणि घडतानाच बिघडविलेले दंतवल्क झाकणे वेगळे.

खर्च कोठून आणावयाचा, हा पुढचा प्रश्न ठरलेला असतो. प्रत्येक गावात वातानुकूलित दवाखाना आणि विजेची खुर्ची पाहिजे असे कोणी म्हटलेले नाही. ग्लास आयोनोमर नावाचे एक सिमेंट आहे. ते दाताला आपणहून चिकटते आणि फ्लोराइड सोडत राहते. ते कोणत्याही सौंदर्यप्रसाधनाच्या कंपनीने शोधलेले नाही. लंडनमधील सरकारी रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत विल्सन आणि केंट या संशोधकांनी ते घडविले आणि १९७२ साली जगापुढे ठेवले. पुढे १९८० च्या दशकाच्या मध्यास टांझानियाच्या खेड्यांत एक पद्धत रूढ करण्यात आली: वीज नाही, फिरते यंत्र नाही, केवळ हाताच्या अवजाराने मऊ झालेली कीड खरवडून काढावयाची आणि तो खळगा चिकट सिमेंटने भरावयाचा. शाळेच्या बाकावर मुलाला आडवे करून हे करता येते. जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ च्या आरोग्य दिनी या पद्धतीचा पुरस्कार केला. २०२१ साली तिने हे सिमेंट, फ्लोराइडयुक्त टूथपेस्ट आणि कीड थांबविणारे सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड हे द्रावण आवश्यक औषधांच्या यादीत घातले. पाऱ्याची चांदी भरण्याची जुनी रीत २०१३ च्या मिनामाता करारामुळे मागे हटत आहे. तिची जागा सरकारी रुग्णालयात काय घेणार, याचे उत्तर आताच ठरविले नाही तर उपटणे हेच उत्तर राहील.

या स्वस्त साधनांच्या बाबतीतही सावध राहिले पाहिजे. सिल्व्हर डायमाइन फ्लोराइडचे द्रावण लावले की कीड थांबते, सुई लागत नाही, मूल रडत नाही; पण किडलेला भाग कायमचा काळा पडतो. दुधाच्या दाढेवर ते अवश्य वापरावे. सातवीतल्या मुलीच्या पुढच्या पक्क्या दातावर ते लावून, ‘गरिबाच्या पोरीला एवढे पुरे’ म्हणून कोणी मोकळे होऊ लागला तर त्याला अडविले पाहिजे. त्यावर दाताच्या रंगाचे सिमेंट भरून काळेपणा झाकता येतो. श्रीमंताला पांढरा आणि गरिबाला काळा दात, अशी वाटणी कमी खर्चाच्या नावाखाली होऊ देता कामा नये.

सरकारच्या कागदांवर सर्व काही आहेच. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळकरी मुलांचे दात तपासले जातात, चिठ्ठीवर ‘दंतक्षय’ असे लिहिले जाते आणि मूल पुढे पाठविले जाते. पुढे म्हणजे कोठे, ते चिठ्ठीवर लिहिलेले असते, तेथे कोणी भेटते की नाही ते लिहिलेले नसते. २०१४-१५ पासून राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रम आहे. २०१८ ची आयुष्मान भारत आणि राज्याची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना रुग्णालयात दाखल करून घ्यावयाच्या दुखण्यांभोवती उभ्या आहेत. जबडा मोडला तर तेथे दार उघडेल, दाढ किडली तर नाही. बहुतेक खाजगी विमा कंपन्याही अपघातावाचून दाताला हात लावीत नाहीत. वृद्धांसाठी २०१७ पासून राष्ट्रीय वयोश्री योजना आहे आणि तिच्या साधनांत काठी, चष्मा, श्रवणयंत्र यांबरोबर कवळीही आहे. शेजारच्या कर्नाटकाने दंतभाग्य योजनेतून दारिद्र्यरेषेखालील वृद्धांना दंत महाविद्यालयांमार्फत मोफत कवळ्या दिल्या. चांगली गोष्ट आहे. मात्र दात वाचविण्याच्या वेळी जे सरकार फिरकत नाही, ते सगळे दात पडल्यावर कवळी घेऊन येते, हा क्रम उलटा आहे. चणे आणि दात यांची ती जुनी म्हण येथे सरकारी योजना होऊन बसली आहे.

तेव्हा मागणी ‘दंतआरोग्य सुधारा’ अशी गुळमुळीत असून भागणार नाही. प्रत्येक ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालयात दंतशल्यचिकित्सकाचे पद भरलेले असावे. सिमेंट, रेझिन आणि रूट कॅनालचे साहित्य औषधांच्या नियमित पुरवठ्यात असावे, डॉक्टरने पदरमोड करून आणावयाचे नसावे. पुढच्या दाताची दुरुस्ती शोभा म्हणून नाकारली जाऊ नये. आश्रमशाळांत आणि ऊसतोडीच्या फडांवर हाती अवजारांनी दात भरणारी पथके वर्षातून दोनदा जावीत. फ्लोराइडग्रस्त गावांतील तरुणांचे दात सरकारी खर्चाने दुरुस्त व्हावेत. २०२३ साली संसदेने राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदा करून १९४८ चा दंतवैद्य कायदा मोडीत काढला. त्यावर खाजगी महाविद्यालयांच्या शुल्काच्या अंगाने चर्चा झाली, खेड्यातल्या दाढेच्या अंगाने झाली नाही.

तालुका समित्यांनी सुरुवात नोंदवहीपासून करावी. ग्रामीण रुग्णालयाच्या दंत विभागात रोज किती दात काढले आणि किती भरले याची नोंद ठेवली जाते. गेल्या तीन वर्षांचे हे दोन आकडे शेजारी शेजारी मांडावेत; पद किती महिने रिक्त होते, खुर्ची किती महिने नादुरुस्त होती आणि सिमेंट शेवटचे केव्हा आले, हेही त्याच अर्जात विचारावे. माहितीच्या अधिकाराच्या अर्जाला दहा रुपयांचे न्यायालयीन मुद्रांक तिकीट लागते आणि उत्तर तीस दिवसांत द्यावे लागते. जिल्हा नियोजन समितीची बैठक होण्याच्या आत ती उत्तरे हाती आलेली असावीत.